पाच सायकलींच्या चंदेरी पट्ट्या

१

पुढच्या दांड्यावर काहीच नव्हतं.

कमलाकांत चुरींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. पहिल्या नजरेवर त्यांचा कधी विश्वास नसे, दुसरीवरही बेताचाच. पण तिसऱ्यांदा पाहिलं तरी तेच. बोईसरच्या त्या सरकारी आवारात, पत्र्याच्या शेडखाली, जप्त केलेल्या पाच इलेक्ट्रिक सायकली ओळीने उभ्या होत्या. पाचही सायकलींवर जिथे बोटभर लांबीची चंदेरी पट्टी असायला हवी तिथे नुसता निळा रंग होता. ओरखडा नाही, गोंदाचा माग नाही. पट्टी कधी लावलीच नव्हती असं वाटावं.

"कंपनीतूनच लावून येतात, काका," चारुता म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "विकताना मी प्रत्येकीला बोट ठेवून दाखवली होती."

चारुता त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यावर तिने बोईसरला इलेक्ट्रिक सायकलींचं दुकान काढायचं म्हटलं, तेव्हा सगळं घर नको म्हणत होतं आणि कमलाकांत एकटे हो म्हणाले होते. जन्मात एकदाच ते असे ठामपणे बोलले होते. आता तेही चुकलं की काय, या विचाराने त्यांना सकाळचा चहा गेला नव्हता.

परिवहन खात्याच्या फिरत्या पथकाच्या निरीक्षक प्रतीक्षा सांबरे खुर्ची ओढून बसल्या. तरुण बाई, बोलणं सरळ.

"हे बघा काका. मोटर अडीचशे वॅटच्या आत आणि वेग पंचवीसच्या आत असेल, तर ती सायकल. तिला नंबरप्लेट नको, लायसन्स नको. त्याच्या वर गेली की मोटारसायकल. दिसायला दोन्ही सारख्या. रस्त्यात उभं राहून मी ओळखायचं कशावरून? त्या पट्टीवरून. तिच्यावर वॅट, वेग आणि सांगाड्याचा नंबर छापलेला असतो."

"वेग मोजून नाही का कळत?" कमलाकांतांनी घाबरत विचारलं.

"मोजला ना. कमीच भरला. पण एक बटण दाबलं की दुप्पट पळणाऱ्या सायकली बाजारात आल्यात. माझ्यासमोर ते बटण कोण दाबेल?" त्यांनी चारुताकडे पाहिलं. "आणि खऱ्या पट्ट्या उचकटून चोरट्या सायकलींना चिकटवणारेही आम्ही पकडलेत. तुमच्याच दुकानातून घेतलेल्या, सरावलीच्या कामगारांच्या सायकली मी थांबवल्या. त्यांच्या पट्ट्या जागेवर. गेल्या त्या फक्त दांडेपाड्याच्या मासळीवाल्यांच्या. पाचच्या पाच. याला मी योगायोग म्हणू?"

चारुताने निळ्या दांड्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं.

"शुक्रवारपर्यंत मला पटेल असं उत्तर द्या. नाहीतर दुकानाचा परवाना रद्द करा, असं मला लिहावं लागेल."

शेडमध्ये सहावीही एक सायकल होती, दुसऱ्याच कुणा दुकानदाराची, किनाऱ्यावरच पकडलेली. खाऱ्या वाऱ्याने तिला इतकं खाल्लं होतं की सांगाड्यावर ठोकलेला नंबरही वाचता येत नव्हता. तिच्या शेजारी या पाच अगदी नव्या नवरीसारख्या दिसत होत्या. त्यांच्याभोवती आवारातली तीन मांजरं घुटमळत होती. एक तर मागचे पाय पेडलवर ठेवून पुढचा दांडा चाटत होतं.

"मासळीच्या सायकली. मांजरं यायचीच," असं म्हणत शिपायाने त्यांना हुसकावलं.

तेवढ्यात फाटकातून आनंदी मेहेर आली. पाचांतली एक सायकल तिची. सकाळपासून डोक्यावर टोपली घेऊन चालल्याने ती लालबुंद झाली होती.

"आनंदीताई, तुम्हीच सांगा मॅडमना," चारुता पुढे झाली. "पट्टी दाखवली होती की नाही मी?"

आनंदीने कमरेवर हात ठेवला.

"कंची पट्टी? सायकलीवर कदी पट्टी होतीच नाय. उगा खोटं कशाला बोलू?"

२

कमलाकांतांनी सफाळ्याच्या वाचनालयात हयात घालवली होती. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवणं हेच त्यांचं काम. चिठ्ठी वर्षानुवर्षं टिकायची, पण दिवाळी झाली की का कोण जाणे, गळायला लागायची. त्यांनी गोंद बदलला, खळ करून पाहिली, हवेला दोष दिला. कारण काही सापडलं नाही. असा माणूस हे काय शोधणार, असं मनाशी म्हणतच ते दुसऱ्या दिवशी रिक्षाने दांडेपाड्याला गेले.

पाड्याच्या तोंडाशीच बोंबील वाळत घातले होते. बांबूच्या आडव्या काठ्यांवर, जबड्यात जबडा अडकवून, रांगाच्या रांगा. मधल्या सुतळीला चकचकीत तुकडे लोंबत होते. कावळ्यांना भिववायला वेफरची पाकिटं बांधतात तसे. वाऱ्याने ते फिरले की डोळ्यांवर उन्हाचा फटका बसायचा. कमलाकांत हाताने डोळे झाकत पुढे गेले.

आनंदीच्या ओटीवर बायका जमल्या. कुणी पाणी दिलं, कुणी टोमणा.

"काय काका, आमी चोर हाय काय? सायकली बांधून ठेवल्या ढोरासारख्या!"

"चोर कोण म्हणतंय? मी फक्त विचारतोय," कमलाकांत पुटपुटले. "तुमच्या सायकलींना कोण कोण हात लावतं?"

"कोन लावनार? आमीच बसतो, आमीच उतरतो."

"आणखी कुणी? आठवून सांगा."

"कोनी नाय," आनंदी म्हणाली. मग थांबली. "त्यो सुजीत येतो. चारुता शेठाणीचा मेकॅनिक. ब्रेक बघतो, हवा मारतो."

"तुमच्यासमोर?"

"आमी बंदरावर मासळी घ्यायला जातो तवा. घरात सासू असते, पन तिला ऐकू येत नाय."

अंगणात एक म्हातारी जाळ्याचं भोक शिवत बसली होती. कमलाकांतांनी नमस्कार केला. तिने बोळक्या तोंडाने हसून सुई हलवली.

"रखमाबाय, माझी सासू," आनंदी म्हणाली. "तिला इचारून काय होनार? ती जन्मात सायकलीवर बसली नाय."

हे कमलाकांतांना पटलं. सुजीतचा विचार मात्र डोक्यात गरगरू लागला. ते दुकानात परतले तेव्हा सुजीत जेवायला गेला होता. त्याची हत्यारांची पिशवी उघडीच होती. कमलाकांतांनी कुणी पाहत नाही याची दोनदा खात्री केली आणि आत डोकावलं.

स्टिकर काढायच्या थिनरची बाटली. अर्धी संपलेली.

३

"हो, थिनर आहे," सुजीत म्हणाला. तोंडात अजून घास होता. "मेकॅनिकच्या पिशवीत काय गुलाबपाणी असणार?"

"तसं नाही रे. म्हणजे, तसंच, पण..." कमलाकांतांची जीभ अडखळली. कुणावर आळ घ्यायची सवय नव्हती. "त्या पट्ट्या थिनरने निघतात ना?"

सुजीतचा चेहरा उतरला. मग त्याला हसू आलं, पण ते कडवट होतं.

"अच्छा. म्हणजे मी काढल्या. या, इकडे या काका."

कोपऱ्यात भंगारातला एक सांगाडा पडला होता. त्याने थिनरचा बोळा त्यावर घासला. रंग पांढुरका, मेल्यासारखा झाला.

"असं होतं. आता त्या पाच सायकली आठवा. रंग मेलाय कुठे?"

कमलाकांतांनी आठवून पाहिलं. मेला तर नव्हताच.

"उलट आपल्या शोरूममधल्या नव्या सायकलींपेक्षा त्याच जास्त चकाकतात," सुजीत म्हणाला. "मला तर दर वेळी नवल वाटतं. दर्यावर राहून गंज कसा नाही? चेन बदलायला म्हणून जातो आणि हात हलवत परत येतो."

"मग पट्ट्यांचं काय रे? सर्व्हिसिंगला जायचास तेव्हा होत्या?"

"ब्रेक बघायला गेलेला माणूस पट्टी कशाला बघेल?" तो ओशाळला. "खरं सांगू? पहिल्या पावसाळ्यानंतर पाहिल्याचं आठवत नाही."

कमलाकांतांचा गोंधळ वाढला. सुजीत नसेल तर कोण? रस्त्यापलीकडे भावेशचं दुकान होतं. चारुताचं गिऱ्हाईक तुटावं म्हणून तो काय वाटेल ते करील, असं सगळा रस्ता म्हणायचा. कमलाकांत बराच वेळ त्याच्या पायरीशी घोटाळले. शेवटी भावेशनेच हाक मारली.

"या ना मास्तर! पुतणीचं दुकान मी बुडवलं का, हेच विचारायचंय ना?"

"मी मास्तर नाही. मी वाचनालयात..." कमलाकांत बसले. "पण हो. तेच."

भावेश खळखळून हसला. "मला तिचं दुकान नकोय असं नाही. पण खऱ्या पट्ट्या चोरून करू काय? ज्याला चोरी करायचीय त्याला नकली पट्ट्या मुंबईत पाहिजे तेवढ्या मिळतात. पाच पट्ट्यांसाठी दांडेपाड्यापर्यंत पेट्रोल कोण जाळेल?" मग त्याने आवाज खाली आणला. "एक विचारू? रागावू नका. विकतानाच पट्ट्या नसतील तर? त्या बाया खोटं कशाला बोलतील?"

कमलाकांत निरोपही न घेता पायरी उतरले. कारण हाच प्रश्न त्यांनी दोन दिवस स्वतःपासून लपवून ठेवला होता.

४

गुरुवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कमलाकांत शोरूममधल्या नव्या सायकलीसमोर वाकून तिची पट्टी नखाने हळूच उचकटून पाहत होते. नख वाकलं, पट्टी हलली नाही.

"काय करताय काका?"

ते दचकून उभे राहिले. चारुता मागे उभी होती.

"काही नाही. म्हणजे... चारू, त्या सायकली विकताना खरंच..."

वाक्य पुरं करायची गरज पडली नाही. तिचा चेहराच सांगत होता.

"तुम्ही मलाच विचारताय?" ती हळू आवाजात म्हणाली. "सगळे नको म्हणत होते तेव्हा तुम्ही हो म्हणालात. त्या एका हो वर मी हे दुकान उभं केलं. उद्या ते बंद पडेल ते पडेल. पण तुम्हीसुद्धा?"

"मला काही कळत नाहीये गं," कमलाकांत खुर्चीत बसले. "सुजीत म्हणतो ते पटतं. भावेश म्हणतो ते पटतं. आनंदीबाई खोटं बोलत नाहीत हेही पटतं. आणि तू खोटं बोलणं शक्य नाही. सगळेच खरे, मग पट्ट्या गेल्या कुठे?"

रागातही चारुता आत गेली आणि बशीत चार चकल्या घेऊन आली. बशी त्यांच्यासमोर जरा जोरातच आदळली.

"खा. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

कमलाकांत मान खाली घालून चकली खाऊ लागले. दुसऱ्या हाताने, सवयीप्रमाणे, पिशवीतलं पुस्तक काढलं. वाचनालयाचंच जुनं पुस्तक. पण आज अक्षरं लागेनात. त्यांनी पुस्तक हातात फिरवलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पाठीवरच्या चिठ्ठीवरून चकलीच्या हाताचा अंगठा फिरत राहिला.

चिठ्ठीचा कोपरा सुटला. मग अख्खी चिठ्ठीच अलगद घसरून त्यांच्या मांडीवर पडली.

ते तिच्याकडे पाहत राहिले. चिठ्ठी फाटली नव्हती. पाठीवर गोंदाचा माग नव्हता. नुसता एक तेलकट डाग होता.

दिवाळी. दिवाळी अंक. चकली खात खात वाचणारी सगळी सफाळ्याची मंडळी! आणि ते बिचाऱ्या गोंदाला नावं ठेवत बसले होते.

"चारू," ते उठले, बशी खाली पडली. "टोपली कुठे बांधतात? सायकलीवर मासळीची टोपली?"

"मागच्या कॅरिअरवर. का?"

"मग ते मांजर पुढचा दांडा का चाटत होतं?"

५

शुक्रवारी सकाळी दांडेपाड्यात बरीच माणसं जमली. प्रतीक्षा सांबरे जीपमधून आल्या, मागच्या टेम्पोत पाच सायकली. चारुता आणि सुजीत एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मधे कमलाकांत. त्यांनी रात्रभर मनात बोलणं जुळवलं होतं आणि आता त्यातलं एकही वाक्य आठवत नव्हतं.

"मला वाटतं," ते म्हणाले, "म्हणजे मी चुकत असेन. बहुतेक चुकतच असेन. पण सगळे खरं बोलतायत, असं धरलं तर?"

"काका, मुद्द्यावर या," प्रतीक्षा म्हणाल्या.

"हो. पट्टी नखाने निघत नाही. मी करून पाहिलं. पात्याने काढली तर ओरखडा पडेल. थिनरने काढली तर रंग मरेल. इथे तर रंग उलट चकाकतोय. आणि गंज नाही. दर्यावर दोन पावसाळे काढले तरी गंज नाही. मग मांजरं..." ते गोंधळून थांबले, चारुताकडे पाहिलं. तिने मान डोलावली. ते धीराने आनंदीकडे वळले. "आनंदीबाई, सायकलीला तेल कोण लावतं?"

"तेल?" आनंदीला प्रश्नच समजला नाही. "सासू लावते. दर शनवारी. पाची सायकलींना. त्यात काय इचारायचं?"

"मी विचारलं होतं, सायकलीला कोण हात लावतं."

"मंग तेल लावनं म्हंजे हात लावनं काय? झाडू मारतो तसं त्ये." बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या.

आनंदी सासूजवळ गेली आणि तिच्या कानात ओरडली. रखमाबाई लगबगीने उठली. पाहुण्यांना आपलं काम दाखवायला मिळतंय, याचाच तिला आनंद झाला होता. घरातून तिने काळपट डबा आणि चिंधी आणली. झाकण उघडताच सुजीतने नाक दाबलं.

"मुशी मासळीचं तेल," म्हातारी मोठ्याने म्हणाली. "तिच्या काळजाचं. माज्या घरच्याची होडी व्हती लाकडाची, तिला लावायची मी. आता पोरांच्या होड्या फायबरच्या. तेल कोनाला लावू? ह्या लोखंडाला लावते. दर्या लोखंड खातो गो."

"आणि आजी," कमलाकांत तिच्या कानाशी वाकले, "सायकलीवर चंदेरी पट्टी होती. ती?"

"ती व्हय? तेलानं फुगून आली. वर आली तशी मी काडली. पाचीच्या पाची."

"मंग व्हती म्हनायची पट्टी," आनंदीने कपाळावर हात मारला, "माज्या ध्यानातच नाय ऱ्हायली." चारुताने सुजीतचा दंड घट्ट धरला.

"टाकल्या?" प्रतीक्षांनी विचारलं.

"टाकीन कशाला? चांगली चकचकीत व्हती."

म्हातारीने जाळं शिवायची सुई उचलली आणि तिच्या टोकाने बोंबलांच्या रांगांकडे दाखवलं. वारा आला. सुतळीवर लोंबणारे तुकडे गर्रकन फिरले आणि कमलाकांतांनी परवासारखेच हाताने डोळे झाकले. वेफरची पाकिटं समजून ज्यांच्याखालून ते वाकून गेले होते, त्या पट्ट्या होत्या.

सुजीत धावला. सुतळी सोडून आणली. भोकं पाडलेल्या, उन्हाने तापलेल्या पट्ट्या. प्रतीक्षा सांबरे गुडघ्यावर बसल्या आणि एकेका पट्टीवरचा नंबर सायकलीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबराशी ताडून पाहू लागल्या.

"ही जुळते... ही पण... वॅट अडीचशे, वेग पंचवीस." त्या चौथ्या सायकलीपाशी थांबल्या. "चारच आहेत. पाचवी?"

पाचवी आनंदीची सायकल होती. सगळे सुतळीकडे, मग एकमेकांकडे पाहू लागले. आनंदी सासूच्या कानात ओरडली, तशी म्हातारीने जरा नाराजीनेच कनवटीची मिश्रीची डबी काढली. आत चिमटीऐवजी वापरायला दुमडून ठेवलेली चंदेरी पट्टी होती.

"ही मी देनार नाय," ती म्हणाली. "मिश्री घ्यायला बरी पडते."

हसण्याचा असा फवारा उडाला की टेम्पोवाल्यालाही आवरेना. प्रतीक्षांनी पट्टी रुमालाने पुसली, उलगडली, सायकलीशी धरली. बराच वेळ पाहिलं.

"जुळते," त्या उठून म्हणाल्या. "चारुताबाई, कंपनीकडून नव्या पट्ट्या मागवा आणि रिव्हेट मारून बसवा. परवान्याचं मी काही लिहीत नाही."

चारुता काकांजवळ आली आणि लहानपणी धरायची तशी त्यांची बाही धरून उभी राहिली.

"आणि आजी," प्रतीक्षा मोठ्याने म्हणाल्या, "यापुढे सायकलीला तेल लावायचं नाही हं!"

हे वाक्य मात्र रखमाबाईला पहिल्या फटक्यात ऐकू आलं.

"का नाय लावायचं? गंजून जाऊ दे? मंग आता वाचलास तो नंबर कोन वाचील गो पोरी?"

प्रतीक्षा सांबरे उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. शेडमधली ती सहावी सायकल त्यांना आठवली असावी. कमलाकांतांना तरी आठवली. पट्ट्या गेल्या त्या तेलाने, आणि नंबर राहिले तेही तेलानेच. नंबर गंजले असते, तर त्या पट्ट्या कुणाच्या हे कधीच ठरलं नसतं.

"लावा," त्या शेवटी म्हणाल्या. "पट्टी तेवढी सोडून."

सायकली उतरवल्या गेल्या. बायका टोपल्या बांधू लागल्या. तेवढ्यात मोकळ्या सुतळीकडे पाहून एक कावळा खाली झेपावला आणि बोंबील घेऊन उडाला. रखमाबाईने कावळ्याला आणि पाठोपाठ सरकारी खात्याला शिव्या घातल्या.

पुढच्या रविवारी कमलाकांत पुन्हा दांडेपाड्याला गेले. वाचनालयातून बाद केलेल्या, कुणी न मागितलेल्या जुन्या सीडी त्यांच्या पिशवीत होत्या. म्हातारीने सुतळी ताणून धरली आणि त्यांनी एकेक चकती बांधली. शेवटची गाठ मारून त्यांनी गाठीकडे एकदा पाहिलं. ठीक बसली होती. दुसऱ्यांदा पाहायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही, कारण आनंदी नव्या पट्टीच्या सायकलीवरून घंटी वाजवत आली आणि त्यांना बाजूला व्हावं लागलं.